वाकल्यावरचा दम

"उभी राह्यली तं दम माहा, वाकली तं लोकाचा," असं भागीरथा एकदा म्हणाली. बांधावर चहा पीत बसलेल्या बायांपैकी कुणीही हसलं नाही. दम लागण्यापेक्षा तिला त्याचाच जास्त राग आला.

भागीरथा काही बोलली की हसायचं, ही त्या गावातली जुनी रीत. गाव पोंभुर्ण्याच्या अलीकडं, जंगलाला पाठ टेकून बसलेलं. घरं थोडी, धानाच्या बांध्या पुष्कळ. आषाढात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला की शेतवाले तिच्या दारात येत, चपला काढून उभे राहत आणि विचारत, "काकी, आमच्या बांध्या कधी घेता?" एरवी याच माणसांनी तिला रस्त्यात ओळख दिली असती की नाही, सांगता येत नाही. पण रोवणा करणाऱ्या बायांची टोळी तिची होती. कुणाची बांधी आधी, कुणाची नंतर, कोणी कुठली पात धरायची, चहा कधी, गाणं कधी, सगळं तीच ठरवायची. वर्षाचे बाकीचे महिने ती सोमाजीची बायको असे. रोवण्याच्या दिवसांत सोमाजी तिचा नवरा असे.

रोवणा मागं सरकत करतात. डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे कोवळ्या रोपांची, जुडी, उजव्या हाताची बोटं चिखलात. कंबरेतून वाकलेली बाई एकेक पाऊल मागं जाते आणि तिच्या पुढ्यात हिरव्या ओळी उमटत जातात. प्रत्येकीची आपली पात. जिचा हात मंद, तिला शेजारच्या दोघी सोडून मागं निघून जातात, आणि मग तिच्या पाठीमागून आडव्या ओळी रोवून तिची वाट बंद करतात. समोर धान, दोन्ही बाजूंना धान, पाठीशी धान, आणि मधल्या उघड्या चिखलात एकटी बाई. याला तिथं कोंडणं म्हणतात. कोंडलेलीनं आपला तुकडा पुरा करायचा, मग लुगडं वर खोचून, एकही रोप न मोडता, सगळ्यांच्या ओळींतून पाय टाकत बाहेर यायचं. "निंघाली वो नवरी, निंघाली!" म्हणून बाया ओरडतात. दुसऱ्या दिवशी नवरीनं सगळ्यांना मुरमुरे आणायचे.

भागीरथा कधी कोंडली गेली नव्हती. तिनं कोंडलेल्या मात्र गावात दर दुसऱ्या घरात सापडतील. रीना लग्न होऊन या गावात आली, त्या पहिल्याच आषाढात तिला भागीरथाच्या शेजारची पात मिळाली. दुपारपर्यंत ती कोंडली गेली. चिखलात उभी राहून रडायला लागली.

"काकी, थोडीशी वाट ठेव ना वो."

"वाट?" भागीरथा मान वर न करता म्हणाली. "वाट ठेवली तं तेवढा धान कोण रोवन, तुहा बाप? रोव मुकाट्यानं."

रीना नाक ओढत रोवत राहिली, बाहेर आली, दुसऱ्या दिवशी तिनं मुरमुरे आणले. थोड्याच वर्षांत टोळीतला सगळ्यात चपळ हात तिचा झाला. भागीरथा तिला शिव्या देताना जेवढी खूश दिसायची तेवढी एरवी दिसत नसे.

भागीरथाला अंग आलं ते चाळिशी उलटल्यावर. आलं तेही धड नाही. हातपाय होते तसेच काटकुळे राहिले, बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या, आणि पोट मात्र कुणी पुढं घागर बांधून दिल्यासारखं वाढत गेलं. गावाचं म्हणणं, खाते. खात काय होती? घरात सगळ्यांचं झालं की तळाशी उरलेला भात आणि त्यावर वरणाचं पाणी. दुपारी गोड चहा. संध्याकाळी पुन्हा तोच भात, थंड. पण पोट दिसतं आणि ताट दिसत नाही, त्यामुळं गावाचा निकाल लागलेलाच होता.

मागच्या वर्षीच्या रोवण्यात पहिल्याच दिवशी ते झालं. गाण्याची पहिली ओळ टोळीच्या म्होरकीनं टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. ती ओळ तिचीच होती, कुणी शिकवलेली नव्हती: पाण्यात पडलं आभाळ वो, आभाळात रोवते धान. भागीरथा वाकली, तिनं ओळ टाकली, आणि आभाळापाशी श्वास संपला. पोट मांड्यांवर दाबलं गेलं होतं, ते आतून वर चढून छातीत बसलं होतं, आणि वाकलेल्या अंगात हवेला शिरायला जागाच नव्हती. धान ओठांवर राहिलं. बाया थांबल्या. मग रीनानंच ती ओळ पुरी केली.

त्यानंतर भागीरथा दर थोड्या वेळानं सरळ उभी राहू लागली. पदर खोचायचं निमित्त करून. ढगांकडं पाहायचं निमित्त करून. उभी राहिली की श्वास येई, अगदी मुबलक. वाकली की जाई. 

"काकीचा पदर यंदा लयच सुटते," एकजण म्हणाली.

"तुही जीभ सुटते तेवढा नाई सुटत," भागीरथा म्हणाली. पण ते म्हणायलाही ती उभी राहिली होती.

तेव्हाच ते बांधावरचं वाक्य. आणि तेव्हाच ते न हसणं.

मग सल्ले सुरू झाले. आजारी माणसाला गावात औषध उशिरा मिळतं, सल्ला घरपोच येतो. गरम पाणी पी. ओवा खा. मांडी घालून बसू नको. मांडी घालूनच बस. पोटाला पट्टा बांध. एकीनं नजर उतरवून दिली, आणि उतरवताना तिलाच दम लागला. सोमाजी माणूस वाईट नव्हता, पण बोलायचं म्हणून बोलायचा. "खाऊन राह्यली, झोपून राह्यली, अन् दम लागते म्हणते," असं तो पारावर म्हणाला, आणि ते तो घरी पोचायच्या आधी घरी पोचलं. त्या संध्याकाळी भागीरथानं त्याच्या ताटात तळाशी उरलेला भात वाढला आणि समोर बसून राहिली.

"हे काय?" तो म्हणाला.

"थेच, जे खाऊन मी फुगली."

गावातली आशा कार्यकर्ती इंदुताई. रोज कुणाच्या ना कुणाच्या दारात उभी, आणि रोज कुणीतरी तिच्यावर ओरडत असे. हिवाळ्यात पोंभुर्ण्याला बायांच्या तपासणीचं शिबिर होतं, तिनं भागीरथाला ओढूनच नेलं. तिथं एक काचेचा वजनकाटा होता. त्यावर अनवाणी उभं राहायचं, आणि तो वजनच नाही तर अंगात चरबी किती, मांस किती हेही सांगायचा. भागीरथा उभी राहिली. काटा काही बोलेना.

"टाचा पाहा यांच्या," नर्स म्हणाली. "एवढ्या जाड कातडीतून करंट कसा जाईल?"

"करंट?" भागीरथा टुणकन खाली उतरली. "इंदू, मले शॉक द्यायले आणली काय वो?"

"मुंगीएवढाही नसते, काकी. उभी राह्य."

नर्सनं तळपाय ओल्या कापसानं पुसले. सगळं आयुष्य चिखलात गेलेले पाय ओले करून घ्यायची वेळ आली याचं भागीरथाला हसू आलं. काटा मग बोलला. चरबी फार, मांस कमी.

"मांस कमी?" भागीरथानं पोटावर थाप मारली. "मंग हे का आहे, भोपळा?"

"ते मांस नाही, काकी. ती चरबी." नर्सनं तिचा दंड दोन बोटांत धरला. "मांस इथं पाहिजे. इथंच नाही तुमच्याकडं."

मागं रांगेत उभ्या असलेल्या बाया हसल्या. भागीरथाला बरं वाटलं, खूप दिवसांनी कुणीतरी हसलं होतं. तेवढ्यात तिच्या हातात चंद्रपूरच्या छातीच्या डॉक्टरकडं जाण्याची चिठ्ठी आली.

चंद्रपूरला सोमाजी सोबत गेला. आधी एका खोलीत फुंकायचं यंत्र. नाकाला चिमटा, तोंडात नळी, समोर एक तरुण मुलगी. "पूर्ण श्वास घ्या, आणि सगळा एकदम सोडा, जोरात, संपेपर्यंत." भागीरथानं श्वास घेतला आणि फुंकलं. लहानपणापासून ती जसं फुंकत आली होती तसंच. बारीक, लांब, नेमकं, राख न उडवता.

"अहो काकू, चूल नाही पेटवायची!" मुलगी म्हणाली. "राख उडू द्या. सगळं घर भरू द्या राखेनं."

दुसऱ्या खेपेला ती खोकली. तिसऱ्या खेपेला जमलं. पडद्यावर एक डोंगर उमटला. भागीरथाला तो ठेंगणा वाटला, पण तिला डोंगर वाचता येत नव्हते.

डॉक्टरला येत होते. "दमा नाही," तो म्हणाला. "वय आणि उंचीच्या मानानं थोडं कमी फुंकलंय. पोटात चरबी साठली की छातीखालचा पडदा नीट खाली उतरत नाही. वजन कमी करा. खाणं आवरा."

"पण जी, उभी असली तं काहीच नाई होत. वाकली का होते."

"मग वाकू नका."

सोमाजीनं बायकोकडं पाहिलं. भागीरथानं डॉक्टरकडं.

"मी रोवणा करतो जी."

"बसून करता येईल असं काहीतरी करा."

बसून करता येणारा रोवणा अजून कुणी काढलेला नाही. हे त्या माणसाला कसं सांगावं ते तिला कळेना. तिची तपासणी झाली होती ती खुर्चीवर, पाठ ताठ, पाय टेकलेले. ज्या अवस्थेत तिला काहीच होत नाही नेमकं त्याच अवस्थेत तिला बसवून तिला काय होतं ते मोजलं होतं. शब्दांनी जमणार नाही हे ओळखून भागीरथा स्टुलावरून उठली आणि खोलीच्या मधोमध कंबरेतून वाकली, हात जमिनीला टेकले.

डॉक्टरनं घाईनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "अहो, उठा, उठा. पाया नका पडू. मी काय देव आहे का?"

ती वर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता आणि तोंड उघडं होतं. बोलायला जरा वेळ लागला. 

"पाया नाई पडून राह्यली जी," ती म्हणाली. "रोवून दाखवून राह्यली."

डॉक्टर हसला. वाईट हसू नव्हतं. पण दारात पुढचा माणूस आत आला होता, आणि त्याच्या मागचा त्याच्या खांद्यावरून पाहत होता.

परतीच्या एसटीत सोमाजी विचार करत होता. मूल गावाच्या रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला, "चरबी म्हणते. म्हणजे तूप."

"तूप कधी पाह्यलं होतं आपल्या घरात?"

तो पुन्हा विचार करू लागला.

खाणं आवरा, म्हणजे काय आवरा? ज्यांना हा प्रश्न सोपा वाटतो त्यांनी त्या गावात एक बाळंतपण पाहावं. बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला, वाळलेल्या पोराला तिथं लाखोरीचं वरण देतात, अंडी देतात, तलावातल्या मासोळ्या देतात, जवसाची चटणी देतात. का, तर अंगावर यावं म्हणून. अंग आणणारी वस्तू तीच, तर अंग काढायला काय सोडायचं हे उघडच होतं. भागीरथानं वरण सोडलं, अंडी सोडली, मासोळ्या सोडल्या. गुरुवारचा उपास धरला. भात मात्र राहिला. भाताला त्या घरात कुणी खाणं म्हणत नाही, भात म्हणजे जेवण. धान रोवणाऱ्या बाईनं भात सोडावा हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, तिच्याही नाही. "भात तं पाणीच हाये," ती म्हणायची. तोही ती निम्मा खाई, पेज करून, मीठ घालून. चहा राहिला, कारण भूक चहानं मरते.

आणि ती बारीक होऊ लागली. गावाला फार आनंद झाला.

"काकी, वळखूच नाई येत वो!"

"काकी, लुगडं दोनदा गुंडाळते काय आता?"

तिच्यापेक्षा जाड बाया दारात येऊन विचारू लागल्या. ती त्यांना सांगायची, वरण सोडा. आयुष्यात पहिल्यांदा तिनं सल्ला दिला आणि लोकांनी तो घेतला. गाल आत गेले, गळ्याची हाडं वर आली, ब्लाउजच्या बाह्या लोंबू लागल्या. पोट तेवढं पुढंच होतं, पण माणूस बारीक झाला की पोटाकडं कुणी पाहत नाही. होळीनंतर एकदा ती विहिरीवरून भरलेली घागर उचलायला गेली आणि घागर उचललीच गेली नाही. काठावर बसून राहिली. इंदुताईनं ते रस्त्यावरून पाहिलं.

"का झालं वो काकी?"

"घागर जड झाली."

"घागर थेच हाये."

"मंग पाणी जड झालं," भागीरथा म्हणाली, आणि तिच्यावर भडकली. "जा ना वो आपल्या कामानं. तूच नेलं मले त्या काट्यावर."

इंदुताईनं ऐकून घेतलं. ऐकून घेणं हाच तिच्या कामाचा मोठा भाग होता. पुढच्या आठवड्यात तिनं भागीरथाला पुन्हा चंद्रपूरला नेलं, या वेळी स्वतः सोबत जाऊन.

यंत्रावरची मुलगी तीच. "आता राख उडवतो पाहा," भागीरथा तिला म्हणाली, आणि पहिल्याच फटक्यात बरोबर फुंकलं. पडद्यावरचा डोंगर मागच्यापेक्षा ठेंगणा आला. मुलीनं पुन्हा फुंकायला लावलं. तेवढाच आला.

डॉक्टरनं दोन्ही कागद शेजारी ठेवले. "काय खाता?"

"काहीच नाई जी," भागीरथा मान ताठ करून म्हणाली.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "वरण?"

"सोडलं."

"अंडी? मासे?"

"पयल्याच दिवशी सोडले."

"भात?"

"भात तं पाह्यजेच ना."

डॉक्टरनं दोन्ही कागद बाजूला सारले. मग चिडला. तो चिडला म्हणून भागीरथाला तो पहिल्यांदा माणसासारखा वाटला. "बाई, मी चरबी घटवा म्हणालो होतो. तुम्ही मांस घटवलंत. चरबी आहे तिथंच बसलीय, पोटात. श्वास काय फुप्फुस ओढतं का? फुप्फुस ही नुसती पिशवी आहे. ओढतात ते स्नायू. फासळ्यांमधले, पोटाचे, तो पडदा. त्यांना तुम्ही इतके महिने उपाशी मारलंत. मग ओढणार कोण?"

"मंग पयले काऊन नाई सांगतलं?"

"काय नाही सांगितलं?"

"का वरण खा म्हून."

डॉक्टरनं दाराकडं पाहिलं. दारात माणसं होती. "तुम्ही विचारलं नाही," तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात आता तेवढा जोर नव्हता.

इंदुताईनं विचारलं, "रोवण्यापर्यंत होईल का जी बरी?"

"रोवणा कधी?"

"आषाढात."

"उपाशी राहून अंग उतरायला काही महिने पुरतात. ते भरायला त्याहून जास्त लागतात. भात कमी, डाळ जास्त, रोज अंडं. चालायचं, ओझं उचलायचं, हळूहळू वाढवत. पोट उतरेल, दंड भरेल, श्वासही सुधारेल. पण आषाढ?" त्यानं मान हलवली.

म्हणजे अंडं. घरची कोंबडी होती, अंड्यांना तोटा नव्हता. तोटा होता तो शांततेचा. जी बाई कालपर्यंत वरण सोडा म्हणत होती ती आज सकाळी सकाळी अंडं उकडताना दिसली, आणि गाव पुन्हा दारात. काकीनं सोंग सोडलं. काकीला भूक सोसवली नाही. सोमाजी तर हरलाच. "आधी खाऊन फुगली म्हणत होते, आता खाऊन बारीक हो म्हणते. डाक्टर बदलला का डोस्कं?"

"डोस्कं. तुमचं बदलून घ्या म्हणलं जी मी, पण त्यायच्याजवळ तेवढ्या लहान मापाचं नव्हतं."

ती उठबस करू लागली, बाजेवरून, हात न टेकता. अर्धी घागर, मग पाऊण घागर. कंटाळवाणं, चिडवणारं काम, ज्याचं रोज काहीच दिसत नाही. पहाटे अंगणात कुणी नसताना ती वाकायची, रिकाम्या हातानं मातीत बोटं टेकवत मागं सरकायची आणि ओळ म्हणून पाहायची, कुठपर्यंत जाते ते. आभाळाच्या पुढं जाऊ लागली होती. 'आभाळात' इथवर जाई. धान अजून येत नव्हतं.

पऱ्हे हातभर झाले तेव्हा रीना आली. हातात मक्याची कणसं होती, भेट द्यायला काहीतरी पाहिजे म्हणून आणलेली. बराच वेळ कणसांबद्दलच बोलली.

"काकी, यंदा तू बांधावर बस. कुठी, कसं, थे सांग. गाणं तू म्हण. आम्ही रोवतो."

"बांधावर शेतवाला बसते छत्री घेऊन. मी नाई बसत."

"अवो पण तुले..."

"मी पात धरीन. माही टोळी हाये तोवर पात धरीन. कोंडली गेली तं टोळी तुही. त्यात लाजाचं का हाये? मी तुले कोंडलं होतं ना?"

रीना कणसाचे केस ओढत राहिली. "मले नाई पाह्यजे टोळी."

"पाह्यजे का नाई हे कोन विचारलं?"

हे गावभर झालं. बायांनी ते ऐकलं, मनात ठेवलं, आणि आपापसात काहीतरी ठरवलं. काय ठरवलं ते भागीरथाला कुणी सांगितलं नाही.

पहिली बांधी तळ्याखालची होती. चिखल लोण्यासारखा झालेला, पाणी पोटरीपर्यंत. भागीरथानं मधली पात धरली, एका हाताला रीना, दुसऱ्या हाताला टोळीतलीच रंजीता. ओळ टाकली. 'आभाळात' पर्यंत गेली, आणि बायांनी पुढचं इतक्या घाईनं उचललं की थांबल्याचं कुणाला कळू नये. भागीरथाला कळलं.

सकाळ बरी गेली. मागच्या वर्षापेक्षा बरी, हे तिचं तिलाच जाणवत होतं. वाकलेल्या अंगात थोडी जागा झाली होती, पूर्वी जिथं भिंत लागायची तिथं आता फट होती. पण रीनाचा हात रीनाचा होता. तो मुद्दाम मंद करायलाही मर्यादा असते, शेजारच्या पाती मागं निघून गेल्यावर एकटीनं कुठवर रेंगाळायचं? दुपारकडं भागीरथा तीनदा जास्तीची उभी राहिली, आणि चौथ्यांदा वाकली तेव्हा दोन्ही बाजूंच्या बाया तिच्या मागं निघून गेल्या होत्या. पाठीमागं आडव्या ओळी पडत असल्याचा आवाज तिला ऐकू येत होता, बोटं चिखलात जातात तो बारीक चुळुक चुळुक आवाज. तिला तो पाठ होता. फक्त एवढ्या जवळून पाठीमागून कधी ऐकला नव्हता.

ती रोवत राहिली. श्वास येईना तेव्हा उभी राहिली, आला तेव्हा वाकली. तुकडा पुरा झाला. डाव्या हातात अर्धी जुडी उरली होती. तिनं पाठ सरळ केली आणि मागं वळून पाहिलं.

वाट होती.

आडव्या ओळींच्या मधोमध, रीनाच्या पातीजवळ, दोन पावलं मावतील एवढी चिखलाची पट्टी कुणी रोवली नव्हती. सरळ बांधापर्यंत गेलेली. काठावर बाया उभ्या होत्या, चिखलाचे हात लोंबत ठेवून. कुणी ओरडत नव्हतं. नवरीचं कुणी नाव काढत नव्हतं. रंजीता दुसरीकडं पाहत होती. एकीनं तर जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हटलं, "ये काकी, चहा थंड होते."

रीना त्या वाटेच्या तोंडाशी उभी होती.

भागीरथा त्या वाटेकडं बघत राहिली. आता ती काहीतरी बोलेल, आणि ते ऐकून सगळ्यांना हसता येईल, म्हणून बाया थांबल्या. तिनं तोंड उघडलं, ते फक्त श्वासासाठी होतं. मग ती वाकली. हातातल्या अर्ध्या जुडीतून रोपं काढून तिनं त्या वाटेच्या आतल्या टोकापासून रोवायला सुरुवात केली, बाहेरून नाही, आतून, स्वतःच्या बाजूनं, मागं न सरकता आडवी, एक ओळ, मग दुसरी. मध्येच उभी राहिली. छाती वरखाली होताना काठावरून दिसत होती. पुन्हा वाकली. जुडी संपली तेव्हा तिच्या आणि बांधाच्या मध्ये वाट म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"काकी," रीना म्हणाली. "काकी, कायले..."

भागीरथानं चिखलाचे हात कमरेच्या लुगड्याला पुसले, निऱ्या वर खोचल्या, आणि धानाच्या ओळींत पहिला पाय टाकला. मग दुसरा. रोपांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, टाच आधी, मग चवडा, एकही रोप न मोडता.

रीनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिला त्याचा राग आला होता. तिनं कोपरानं तोंड पुसलं, छाती भरून श्वास घेतला, आणि घसा फाटेल एवढ्या मोठ्यानं ओरडली.

"निंघाली वो नवरी, निंघाली!"

मग रंजीतानं उचललं, मग दुसरीनं, मग सगळ्यांनी, कुणी हसत, कुणी चिखल उडवत, जसं दरवर्षी ओरडायचं तसंच. भागीरथानं मान वर केली नाही. पाय उचलत, टाकत, ती ओळींतून बांधाशी आली, रीनाच्या जवळून गेली, बांधावर चढली आणि उद्याचे मुरमुरे आणायला गावाकडं चालू लागली.